पीएम स्वनिधी कर्ज : कोल्हापुरातल्या हातगाडीवाल्यांसाठी कसं आहे? (5 पैकी साडेतीन स्टार)

हॉटेलचे आणि मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, सरकारी स्कीमचा कोण लिहीत नाही, म्हणून हा लिहितोय. माझी आत्या महाद्वार रोडला गजरे, वेण्या आणि ओटीचं सामान विकते, तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही कर्जांचे फॉर्म माझ्याच मोबाईलवरनं भरलेत, नंतर तिच्या आजूबाजूच्या बायकांचे फॉर्म पण भरून दिले, त्यामुळं आतबाहेर बऱ्यापैकी माहिती आहे.

आधी ही स्कीम आली कुठनं ते सांगतो. मे 2020 मध्ये केंद्राचं 20 लाख कोटींचं आत्मनिर्भर पॅकेज आलं, त्यातच फेरीवाल्यांसाठी 5 हजार कोटींची कर्जसोय जाहीर झाली आणि 1 जून 2020 ला स्वनिधी सुरू झाली. सुरुवातीला पहिलं कर्ज 10 हजार, ते फेडलं की 20, ते फेडलं की 50. तारण काही नाही, लवकर फेडलं तर दंड नाही, हप्ते वेळेत गेले तर व्याजात 7 टक्के सबसिडी, ती दर तिमाहीला खात्यात येते. ऑगस्ट 2025 मध्ये स्कीमला 31 मार्च 2030 पर्यंत मुदतवाढ दिली, आता पहिलं 15 हजार आणि दुसरं 25 हजार झालंय, तिसरं 50 च आहे.

बरेच जण म्हणतात की महापालिकेला केंद्राकडनं पैसे आले आणि मधेच खाल्ले. तसं नाहीये. या स्कीमच्या कर्जाचा एक रुपयाही महापालिकेच्या तिजोरीतनं जात नाही. कर्ज बँक देते, तिच्या स्वतःच्या पैशातनं. केंद्र व्याजाची सबसिडी देतं आणि बुडालेल्या कर्जाची हमी घेतं, म्हणजे बँकेच्या वाटपातले पहिले 5 टक्के बुडाले तर पूर्ण भरपाई, त्याच्या पुढं काही मर्यादेपर्यंत 75 टक्के. स्कीम राबवायचं काम सिडबी, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची सरकारी बँक बघते. मग महापालिकेचं काम काय तर हा माणूस खरंच फेरीवाला आहे हे सांगणं, आणि सगळी स्कीम खरं म्हणजे इथंच अडते किंवा इथंच सुटते. महापालिकेच्या फेरीवाला सर्व्हेत नाव असेल, विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असेल तर सरळ अर्ज. नसेल तर महापालिकेचं शिफारसपत्र लागतं. आणि हे लई जणांना माहीत नाही की करवीर तालुक्यातल्या गावातनं शहरात येऊन भाजी विकणाऱ्यांना पण हे शिफारसपत्र मिळू शकतं, शहरात घर पाहिजे असं काही नाही. कपिलतीर्थच्या, लक्ष्मीपुरीच्या मंडईत पहाटे पाट्या घेऊन येणाऱ्या किती बायका "आमी गावाकडच्या, आमाला कोण देतंय" म्हणून अर्जच करत नाहीत. नियमात शिफारसपत्राच्या अर्जावर 15 दिवसांत निर्णय द्यायचाय असं लिहिलंय, ते ठामपणे सांगा.

आमच्या वेळी महापालिकेकडनं फॉर्मला मदत करणाऱ्या समुदाय संघटक ताई होत्या, त्यांना पैकीच्या पैकी मार्क. आत्या म्हणाली मला सही पण नीट येत नाही, तर त्या म्हणाल्या, "मावशी, आधारला मोबाईल लिंक हाय न्हवं? आधी तेवढं करून या, बाकीचं मी बगते." आणि खरंच बघितलं. आधारला मोबाईल लिंक नसेल तर ओटीपी येत नाही आणि ओटीपी नाही तर फॉर्मच उघडत नाही, निम्मे अर्ज इथंच लटकतात. नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना नंबर दिलेला असतो, ते सिमच आता बंद असतं.

आता पैशाचा हिशोब, कारण खरा फायदा तिथं आहे. रस्त्यावर धंदा करणाऱ्याला कर्ज कुठनं मिळतं? डेलीवाल्याकडनं, म्हणजे रोज वसुली करणाऱ्या सावकाराकडनं. 10 हजार लिहून घेतो, 9 हजार हातात ठेवतो आणि रोज 100 असे 100 दिवस. ऐकायला हजार रुपयेच जास्त वाटतात, पण मुद्दल रोज कमी होत जातं हे धरून वर्षाचा दर काढला तर तो 75 टक्क्यांच्या पुढं जातो. स्वनिधीत बँकेचा दर 12 टक्के धरला तर 10 हजारांचा महिन्याचा हप्ता नऊशेच्या आतबाहेर, वर्षाचं व्याज साडेसहाशेच्या आसपास आणि त्यातले जवळजवळ चारशे सबसिडीतनं परत. आत्याला हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हंजे मी इतकी वर्सं त्याचंच घर चालवलं की रं." या एका कारणासाठी मी ही स्कीम कुणालाही घ्या म्हणून सांगेन. 2020 चं नवरात्र तर अंबाबाईचं देऊळ बंद असतानाच गेलं, वर्षाचा निम्मा धंदा त्या नऊ दिवसांवर असतो, देवळं उघडली पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, आणि तेव्हा माल भरायला हातात भांडवल नव्हतं. त्या वेळी आलेले 10 हजार खूप मोठे होते.

नाराजी आहे ती बँकेवर. नाव घेत नाही. दुसऱ्या कर्जाचा अर्ज नवरात्राच्या बराच आधी पोर्टलवर मंजूर दिसत होता, बँकेत गेलं की साहेब रजेवर, मग सर्व्हर डाऊन, मग म्हणे जामीनदार आणा. स्कीममध्ये जामीनदार कुठंच नाही, हमी केंद्राची आहे, मी मोबाईलवर नियम काढून दाखवले तरी काउंटरवरचा माणूस वर बघेना. आत्या बाहेर येऊन म्हणाली, "जामीनदार कुटनं आणू, माज्या वळखीची समदी माज्यासारखीच हायत." पैसे जमा झाले ते नवरात्र संपल्यावर. फुलाचा धंदा असा आहे की माल दुसऱ्या दिवशी सुकतो, त्याला सीझनच्या आधीचेच पैसे उपयोगाचे, आठवडा उशिरा आलेलं कर्ज नुसतं हप्ता वाढवतं. 20 हजारांचं कर्ज द्यायला बँकेला कागद तेवढाच आणि कमाई थोडी, हे मला कळतं, पण मग सरकारने हमी घेऊन पण जामीन मागत असतील तर त्या हमीचा उपयोग कुणाला झाला?

डिजिटल कॅशबॅकबद्दल पण सांगायला पाहिजे. पोस्टरवर मोठं लिहिलेलं असायचं, महिन्याला 100 रुपयांपर्यंत परत. जुन्या नियमात महिन्यात 50 व्यवहार झाले की 50 रुपये, मग पुढच्या 50 ला 25, त्याच्या पुढच्या 100 ला अजून 25. पण व्यवहार किमान 25 रुपयांचा पाहिजे. आत्याचा गजरा 20 ला. दिवसभर क्यूआर कोडवर टिंगटिंग वाजत राहायचं आणि मोजणीत त्यातलं फार थोडं यायचं. सरबतवाला, चहावाला, लिंबू-मिरची विकणारी, सगळ्यांचं असंच असणार. हा नियम करणाऱ्याने एक दिवस महाद्वार रोडला उभं राहून बघायला पाहिजे होतं. नव्या रचनेत कॅशबॅक 1,600 रुपयांपर्यंत केलाय आणि घाऊक खरेदीवर पण दिलाय, हे चांगलं झालं, कारण फुलं घेताना एका वेळी मोठी रक्कम जाते.

अजून एक खटकतं ते म्हणजे दर महिन्याचा ठरलेला हप्ता. कोल्हापुरात जुलै 2021 ला पूर आला तेव्हा लक्ष्मीपुरीकडचे गाडे बंद, पण हप्त्याची तारीख तीच. खातं थकीत गेलं की सबसिडी पण जाते. म्हणजे मदतीची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच ती थांबते.

देखरेखीचं म्हणाल तर फेरीवाल्यावर देखरेख भरपूर आहे. हप्ता चुकला तर सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत दिसतं, डिजिटल व्यवहार मोजले जातात. पोर्टलवर डॅशबोर्ड पण आहे, मंजूर किती, वाटप किती ते दिसतं. मला पाहिजे ते वेगळं आहे. कोल्हापुरात किती शिफारसपत्रं मागितली, किती दिली, कुठल्या बँक शाखेत किती अर्ज किती दिवस पडून आहेत, परत पाठवले तर का, हे दर महिन्याला महापालिकेच्या नोटीस बोर्डावर मराठीत लागलं पाहिजे. अमेरिकेत 2021 च्या पॅकेजमध्ये 350 अब्ज डॉलर राज्यं आणि शहरांना वगैरे थेट दिले, पण शहरांनी कुठल्या कामावर किती घातले याचा रिपोर्ट ठरलेल्या मुदतीत ट्रेझरीला, म्हणजे तिथल्या अर्थखात्याला द्यायचा आणि डिसेंबर 2024 पर्यंत पैसे कामाला बांधायचे अशी अट घातली. तिथं पैसा शहराच्या हातात म्हणून शहराला जाब. आपल्याकडं पैसा बँकेच्या हातात, मग शाखानिहाय जाब बँकेला पाहिजे. तो विचारायची जागा कायद्यातच आहे. 2014 च्या फेरीवाला कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांमधनं निवडलेले पाहिजेत आणि त्यात एक तृतीयांश बायका, अध्यक्ष आयुक्त. 2020 च्या नोव्हेंबरपासनं कितीतरी वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकच होते, तेव्हा तर गाडीवाल्याचं बोलणं पोचवायला ही समिती सोडून दुसरं काय होतं? बैठकीत कुठल्या शाखेत किती अर्ज पडून आहेत त्याची यादी मागा.

मार्क असे : स्कीमची कल्पना 5, समुदाय संघटक 5, पोर्टल 3, बँक 1. सरासरी काढली तर साडेतीनच येतात.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी सगळ्यात आधी आधारला चालू मोबाईल नंबर जोडून घ्या, मग ओळखपत्र किंवा शिफारसपत्र, बँक पासबुक, गाडीसोबतचा फोटो काढून ठेवा, अर्ज पोर्टलवर स्वतः करा नाहीतर सीएससी सेंटरवर (ऑनलाईन सरकारी कामं करून देणारं केंद्र), आणि अर्जाचा नंबर वहीत लिहून ठेवा. नवरात्राचा धंदा असेल तर पावसाळा सुरू व्हायच्या आतच अर्ज टाका. बँकेने जामीनदार मागितला तर कारण लेखी मागा. आत्याचं दुसरं कर्ज फिटलंय, 50 चा अर्ज गेलाय, या वेळी शाखा बदललीय.