कॅसेटवाला, पीएस-टू की पीएस-थ्री? रेट्रो कोणता आणि घ्यायचा कोणता

हल्ली जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत कुठल्याही धूळ बसलेल्या गेम कन्सोलवर ‘रेट्रो’, म्हणजे जुन्या जमान्याचा, असं लिहितात आणि भाव चढवतात. पहिला रेट्रो कन्सोल घ्यायला निघाला असाल तर एक सांगतो, नुसतं वय मोजू नका. निन्टेंडोचा कॅसेटवाला फॅमिकॉम जपानात 1983 मध्ये आला, सोनीचा पीएस-टू, म्हणजे प्लेस्टेशन 2, 2000 मध्ये. त्या सतरा वर्षांत फॅमिकॉम पार आजोबा झाला होता. पीएस-थ्री 2006 चा, म्हणजे त्यालाही सतरापेक्षा जास्तच वर्षं झाली. तरी आजच्या टीव्हीला एचडीएमआय वायर लावली की तो मुकाट चालू होतो. हा कसला आजोबा, फार तर थोरला चुलतभाऊ.

मी दोनच गोष्टी बघतो. मशीन ज्या टीव्हीसाठी बनलं तो टीव्ही घरातून गेलाय का? आणि विकत घेतलेला गेम त्या कॅसेटमध्ये किंवा डिस्कमध्ये पुरता आहे का, की पुढे कंपनीच्या सर्व्हरचं तोंड बघावं लागतं?

कॅसेटवाला दोन्हींत पास. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचो तो बहुतेक खरा फॅमिकॉम नव्हताच, त्याची नक्कल होती. ‘9999 इन 1’ कॅसेटमध्ये गेम मोजकेच, पुढे तेच पुन्हा नावं बदलून. पण मजा खरी होती. अख्खा सुपर मारिओ ब्रदर्स 40 केबीत बसतो. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा फुलांचा फोटो याहून जड असतो. 2019 मध्ये मायक्रो मेजेस नावाचा नवा गेम याच मशीनसाठी, त्याच 40 केबीत बसवून काढला गेला. 2014 चा शव्हल नाइट हा गेम दिसतो तसाच, पण तो आजच्या मशीनांसाठी बनवलेला. मला विचाराल तर पहिला रेट्रो, दुसरा रेट्रोचा वेश.

घेताना अडचण इथेच आहे. बाजारातल्या नव्या स्वस्त नकलांत सगळं एका काळ्या ठिपक्याएवढ्या चिपमध्ये कोंबलेलं असतं आणि बऱ्याच नकलांत मारिओचं संगीत किंचित वेगळं वाजतं. ज्याने लहानपणी ते ऐकलंय त्याला लगेच खटकतं. रुंद टीव्हीवर चित्र ताणलं की मारिओ जाडा दिसतो, तेव्हा सेटिंगमध्ये 4:3 निवडा. बदकं मारायची बंदूक मात्र विसरा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे डबा टीव्हीवरच जमतं, कारण सपाट टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका! तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा.

पीएस-टू माझ्या हिशेबात आता रेट्रोत आला. त्याची एव्ही वायर तीन रंगांची, बऱ्याच नव्या टीव्हींना ती भोकंच नसतात. गेम डिस्कवर पुरता, सेव्ह 8 एमबीच्या मेमरी कार्डावर. पंधरा कोटींहून जास्त विकला गेला, त्यामुळे सुटे भाग आणि डिस्क अजून मिळतात. पीएस-वनचे गेमही त्यावर चालतात. क्रिकेट आहेच, शिवाय 2009 मध्ये खास आपल्यासाठी काढलेले हनुमान आणि कबड्डी, विटीदांडूचा देसी अड्डा. गेम म्हणून ते सामान्यच, पण कपाटात ठेवावेसे. मी घेतलेला पहिला पीएस-टू विकणाऱ्याच्या दुकानात छान चालला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी डिस्क वाचेना. लेन्स संपत आली होती. तेव्हा दुकानात गेमची डिस्क लावून अर्धा तास खेळा, नुसता मेन्यू बघून पैसे देऊ नका.

पीएस-थ्री? स्वस्त मिळाला तर जरूर घ्या, पण रेट्रो म्हणून जास्त पैसे मोजू नका. त्याचे कितीतरी गेम डाउनलोड आणि अपडेटवर टांगलेले. ग्रॅन तुरिस्मो 5 चा ऑनलाइन भाग 2014 मध्येच बंद झाला. पीएस-थ्रीचं गेम विकणारं ऑनलाइन दुकान बंद करायचं सोनीने 2021 मध्ये जाहीर केलं आणि लोक ओरडल्यावर निर्णय फिरवला. म्हणजे जुना झाला, पण अजून परावलंबी.

माझं मत पीएस-टूला. डबा टीव्ही माळ्यावर असेल आणि तो अजून लागत असेल, तर मात्र आधी कॅसेटवाला शोधा. तोही जुनाच, बंदुकीसकट.