डोंग्याच्या सांधीत पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट, एक पावसाळा वापरून सांगतो

आमचं घर ढिवराचं, म्हणजे मासेमाऱ्याचं, पवनीजवळ वैनगंगेच्या काठचं. डोंगा, म्हणजे आमची नाव, सागाच्या फळ्यांचा, मोठेबाबांनी बांधलेला. मे महिन्यात काठावर पालथा पडला की फळ्या आकसतात आन् सांधीतून आरपार उजेड दिसते, मग दरवर्षी तोच प्रश्न, भरायचं काय.

मागच्या खेपेले दुकानदाराच्या म्हणण्यावरून दोन डब्यांची कडक पुट्टी, म्हणजे इपॉक्सी, कालवून साऱ्या सांधी भरल्या. दिसाले सिमेंटसारखी पक्की. पण लाकूड आडवंच फुगते, लांबीत जवळपास नाहीच, म्हणजे सारी ओढाताण लांब सांधीवरच येते. पावसाळ्यात फळ्या फुगल्या, हिवाळ्यात डोंगा वर ओढला तं आकसल्या, आन् वीतभर पट्टी अख्खी हातात आली, तिच्या कडेले सागाची चिलपी चिकटलेली. पुट्टी शाबूत, फळीचीच कड सोलली. मोठेबाबा काही बोलले नाहीत, नुसता त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले, मले लय वाईट वाटलं.

म्हणून यंदा पीयू सीलंट, बंदुकीनं भरायची 300 मिलीची ट्यूब. सुकल्यावर रबरासारखं राहते, फळीबरोबर दबते, फळीबरोबर ताणते. एक पावसाळा झाला, बुडाच्या डाव्या बाजूनं थेंब नाही.

पण नुसतं ओतू नका भाऊ. आधी सांध पटाशीनं खरवडून कोरडी करा, मग पिंजलेला कापूस देवाच्या वातीसारखा वळून खाली बसवा, मोगरीनं हलकंच, ठोकून ठासायचा नाही, कारण कापूसही फुगते आन् फळ्या फाकवते. कापसामुळं सीलंट दोन कडांलेच धरते, तळाले नाही, म्हणून मोकळं ताणते. वरून भरताना सांध किंचित खोलगट ठेवा, काठोकाठ भरलं तं फळी फुगल्यावर मधातलं बाहेर उमलून येते. हे हवेतल्या दमटपणानं सुकते, आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत म्हणून दिवसाले दोन-तीन मिमीच आत पकडते. घाई करून पाण्यात ढकलू नका.

राळ घातलेलं डांबर वाईट नाही, स्वस्त आहे, दुरुस्तीले सोपं, आमच्या आज्यापासूनचं आहे. पण 45-46 डिग्रीले नरम पडून ओघळते, पायाले आन् जाळ्याले चिकटते. सिलिकॉन मात्र अजिबात नको, त्याच्यावर रंग बसत नाही आन् पुढं दुसरं काहीच धरत नाही.

कडक पुट्टीही फेकायची नाही. गाठीचं भोक, खिळ्याचा खड्डा, एकाच फळीतला खोंगा, जिथं दोन फळ्या एकमेकींपासून सरकत नाहीत तिथं इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून भरा, झकास बसते. वरून रंग पाहिजेच, ऊन लागलं की इपॉक्सी खराब होते.

पीयूच्या दोन तक्रारी, चुकलं तं सुरीनं कापूनच काढावं लागते, आन् किंमत डांबराच्या कितीतरी वर. 6 मिमी रुंद आन् तितकीच खोल सांध धरली तं एका ट्यूबमध्ये साधारण 8 मीटर होते. सांध मोजूनच ट्यूब घ्या, उघडलेली ठेवली तं नोजलमध्येच घट्ट होऊन जाते, माझी अर्धी तशीच गेली. उजव्या बाजूले अजून दोन लागतील, त्या होळीनंतर आणतो.