शॉकअपचा पाइप, टी आणि एक बोट वाकडे हँडल : अपघातानंतरच्या दुरुस्तीचा दहा महिन्यांचा अनुभव

डिसेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-सांगली रस्त्यावर चोकाकच्या पुढे माझी मोटरसायकल घसरली. गळीत हंगामाचे दिवस होते. शेतातून रस्त्यावर चढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी ओली काळी माती डांबरावर आणून पसरली होती आणि सकाळी सातच्या दवामुळे ती साबणासारखी निसरडी झाली होती. वेग पस्तीसच्या आसपास होता. पुढचे चाक डावीकडे सरकले, गाडी आडवी झाली आणि घसरत जाऊन पुढचे चाक साइडपट्टीच्या दगडावर आपटले. हेल्मेट आणि जाड जर्किनमुळे मला फक्त गुडघ्याला खरचटले. गाडी १६० सीसीची, ऑगस्ट २०२० मध्ये घेतलेली, तोपर्यंत ४१,००० किलोमीटर चाललेली आणि एकदाही न पडलेली होती.

वरवर पाहता नुकसान किरकोळ होते. क्लच लिव्हर मोडला होता, डावा इंडिकेटर लोंबत होता, लेगगार्ड आत दबला होता, पुढच्या मडगार्डला चीर गेली होती आणि टाकीला रुपयाच्या नाण्याएवढा पोचा आला होता. हँडल मात्र वाकडे झाले होते. चाक सरळ ठेवले की डावी मूठ माझ्याकडे साधारण बोटभर जास्त येत असे. हे एक बोट पुढे दहा महिने मला पुरले आणि या लिखाणातही त्याला जास्त जागा मिळणार आहे, कारण दुरुस्ती खरोखर झाली की नाही हे रोज सकाळी मला त्या मुठीवरूनच कळत होते.

अधिकृत सर्व्हिस सेंटरने १४,८६० रुपयांचे एस्टिमेट दिले आणि टाकी बदलायची असल्यास खर्च तेवीस हजारांच्या वर जाईल असे सांगितले. त्यात शॉकअपचे (पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या भागाचे) दोन्ही पाइप, त्यांना हँडलखाली एकत्र धरणारी टी, हँडल, हेडलाइटचा व्हायझर, मडगार्ड आणि लेगगार्ड हे सगळे नवे होते. पाइप वाकला आहे हे कशावरून ठरवले, असे मी विचारले, तेव्हा सल्लागार म्हणाले, "सर, बघितल्यावर कळतंय की." एवढ्या उत्तरावर पंधरा हजार रुपये खर्च करण्याची माझी तयारी नव्हती.

विम्याचा दावाही मी केला नाही आणि ही माझी सर्वांत महागडी चूक ठरली. चार वर्षे दावा नसल्याने मला हप्त्यात ४५ टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, मिळत होता आणि तो शून्यावर येईल या भीतीने मी तो विचारच सोडून दिला. हिशेब मी फार उशिरा मांडला. हा बोनस थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या, हप्त्यावर मिळत नाही, फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, आणि माझ्या गाडीसाठी तो हप्ता जेमतेम हजार रुपयांचा आहे. बोनस शून्यावर येऊन पुन्हा २०, २५, ३५, ४५ टक्के असा चढत गेला असता, तरी पाच वर्षांत मिळून माझे साडेबाराशेपेक्षा जास्त नुकसान झाले नसते. घसारा (जुनेपणामुळे धरलेली किमतीतली घट) वजा जाता दाव्यातून मिळाले किती असते, हेही मी काढून पाहिले. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के आणि प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, मजुरी पूर्ण धरतात आणि दुचाकीसाठी १०० रुपये सक्तीने वजा करतात. त्या एस्टिमेटवर कंपनीकडून सुमारे ९,७०० रुपये मिळाले असते आणि माझ्या खिशातून सव्वापाच हजारांच्या आत काम झाले असते. परंतु दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी विमा कंपनीला कळवून गाडी दाखवावी लागते. मी गाडी परस्पर गॅरेजमध्ये घातली आणि तो मार्ग बंद झाला. एखाद्या हजाराच्या हप्त्यावरचा बोनस वाचवण्यासाठी जे लोक दुचाकीचा दावा करत नाहीत, त्यांनी हा हिशेब आधी मांडावा, एवढे मी कळकळीने सांगतो.

आमच्या भागातले मिस्त्री गेली अनेक वर्षे माझ्या गाडीचे ऑइल बदलतात. त्यांनी ३,९०० रुपयांत सगळे काम केले. लिव्हर आणि इंडिकेटर नवे घातले, लेगगार्ड गरम करून सरळ केला आणि त्याला वेल्डिंग मारले, मडगार्डला आतून पट्टी लावली आणि शॉकअपचे पाइप प्रेसवर सरळ करून आणले. टाकीचा पोचा मी तसाच ठेवला. गाडी हातात आली तेव्हा हँडल अगदी सरळ होते. हा मजकूर मी त्याच आठवड्यात लिहिला असता, तर सर्व्हिस सेंटर लुबाडते आणि मिस्त्री गाडी वाचवतो एवढेच लिहून थांबलो असतो.

फेब्रुवारीच्या मध्यात डाव्या शॉकअपवर ऑइल दिसू लागले. सुरुवातीला ते धूळ चिकटलेल्या बारीक कड्यासारखे होते. पुढे ते ओघळून डिस्कच्या बाजूला उतरू लागले, आणि ब्रेकच्या डिस्कवर ऑइल गेले तर काय होईल या विचाराने मी तातडीने ऑइल सील, म्हणजे पाइपभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी, बदलून घेतले. सील आणि शॉकअपमधले ऑइल मिळून ४५० रुपये झाले. तीन आठवड्यांत ते पुन्हा गळू लागले. मिस्त्री म्हणाले, "सील डुप्लिकेट आलं असंल, सर." मला ते पटले नाही, कारण उजवीकडे त्याच पाकिटातले सील कोरडे होते.

शेवटी एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरकरांना शिवाजी उद्यमनगर म्हणजे काय हे सांगायला नको. फाउंड्री, लेथ आणि मशीन शॉपच्या त्या गल्ल्यांमध्ये धातूचे कोणतेही काम करून देणारा माणूस सापडतो. मिस्त्रींनी पाइप काढून दिले आणि मी ते फडक्यात गुंडाळून एका छोट्या लेथच्या दुकानात नेले. दुकानदारांनी पाइप दोन व्ही-ब्लॉकवर (V आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर) आडवा ठेवला, मध्यभागी बारीक फरक मोजणाऱ्या डायल गेजचे टोक टेकवले आणि पाइप बोटांनी हळूहळू फिरवला. उजव्या पाइपवर काटा जेमतेम हलला. डाव्या पाइपवर तो एका बाजूला जाऊन परत आला आणि एकूण १.४ मिलिमीटर फिरला. प्रत्यक्ष वाक या फरकाच्या निम्मा, म्हणजे ०.७ मिलिमीटर असतो. अनेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाइपच्या वाकाची मर्यादा ०.२ मिलिमीटर दिलेली असते, म्हणजे माझा पाइप सरळ केल्यानंतरही मर्यादेच्या साडेतीन पट वाकडा होता.

त्यांनी पुढे माझ्या हाताचे बोट धरून पाइपवर एका जागी टेकवले आणि नख ओढायला सांगितले. डोळ्यांना तिथे फक्त चकाकी दिसत होती, पण नख बारीक रेघांवर अडकत होते. पाइपवर हार्ड क्रोमचा कठीण, ठिसूळ थर असतो. पाइप आधी वाकतो आणि नंतर प्रेसखाली उलटा वाकवला जातो, तेव्हा आतले पोलाद ताण सोसते, वरच्या क्रोमला मात्र केसासारख्या भेगा पडतात. शॉकअप वरखाली होताना सीलचा रबरी ओठ प्रत्येक वेळी त्या भेगांवरून घासला जातो आणि फाटतो. म्हणजे सील डुप्लिकेट नव्हते, आणि शंभर सीले बदलली असती तरी गळती थांबली नसती. या तपासणीचे त्यांनी शंभर रुपये घेतले. डिसेंबरमध्ये हेच शंभर रुपये कोणी खर्च करायला सांगितले असते, तर पुढचा खर्च टळला असता. सर्व्हिस सेंटरने नजरेने पाइप बाद ठरवला, मिस्त्रींनी नजरेने तो सरळ ठरवला आणि मोजला दोघांनीही नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे आणि ती दोघांविरुद्धही आहे.

त्यामुळे सर्व्हिस सेंटरबद्दलचे माझे मत मला निम्मे मागे घ्यावे लागले. वाकलेला पाइप बदलायचाच असतो, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. मार्चअखेरीस मी तिथेच दोन्ही पाइप बदलले. एक चांगला असताना दोन्ही का, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. पण पुन्हा उघडण्याची मजुरी वाचेल आणि मनातली शंका जाईल म्हणून मी होकार दिला. पाइप, सील, ऑइल आणि मजुरी धरून ४,५४० रुपये झाले. जुने पाइप मी मागून घेतले. आधी ते "स्क्रॅपला गेले" असे सांगण्यात आले, पण मी बिलाचे पैसे देण्यापूर्वी मागणी केल्याने दहा मिनिटांत ते सापडले. ज्याचे पैसे आपण देतो त्या भागाचा जुना तुकडा परत मागण्यात संकोच करू नये.

गळती त्या दिवसापासून थांबली ती आजपर्यंत. परंतु गाडी बाहेर काढली आणि शिरोलीच्या पुलापर्यंत जाण्याआधीच माझ्या लक्षात आले की डावी मूठ पुन्हा एक बोट जवळ आली आहे. मिस्त्रींनी सरळ करून दिलेले हँडल पाइप बसवताना वाकडे झाले होते. मी परत गेलो तेव्हा "सर, एवढं चालतंय" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला हँडल वाकले आहे असे सांगून नवे बसवण्यात आले, त्याचे १,०५० रुपये झाले आणि मूठ होती तिथेच राहिली. तिसऱ्या खेपेला टी बदलावी लागेल असे सांगितले, आणि त्याला मी स्पष्ट नकार दिला. एवढ्याशा वाकडेपणासाठी तीन खेपा घालणे काहींना अतिरेकी वाटेल, पण रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर चालवणाऱ्याचा एक खांदा सतत पुढे आणि एक मागे राहिला, तर संध्याकाळी मानेपासून कोपरापर्यंत कळ येते. ती मी दीड महिना सोसली.

मे महिन्यात मी गाडी पुन्हा मिस्त्रींसमोर उभी केली. सीलच्या प्रकारानंतर आमच्यात थोडा अबोला होता, तरी त्यांनी एकही प्रश्न न विचारता पाने हाती घेतले. वरच्या आणि खालच्या टीचे बोल्ट, मडगार्डचे बोल्ट आणि पुढचा एक्सेल त्यांनी जेमतेम सैल केला. मग चाकासमोर उभे राहून ते दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरले, हँडल दोन्ही हातांनी एका बाजूला ताणले, मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिले आणि परत थोडे ताणले. ब्रेक दाबून शॉकअप चार-पाच वेळा खालीवर केला, दोन्ही पाइपांची वरची टोके टीला सारखी आली आहेत का हे बोट फिरवून पाहिले आणि एक्सेलपासून वर येत सगळे बोल्ट आवळले. वीस मिनिटे लागली. टी वाकलेली नव्हती. दोन्ही पाइप तिच्यात किंचित पीळ पडलेल्या स्थितीत आवळले गेले होते. त्यांनी १५० रुपये घेतले, आणि सर्व्हिस सेंटरने सुचवलेल्या टीची किंमत २,८०० रुपये होती.

आजवरचा एकूण खर्च १०,१९० रुपये झाला आहे. सुरुवातीला पाइप मोजून, दावा करून काम केले असते तर बोनसचे नुकसान धरूनही साडेसहा हजारांच्या आसपास भागले असते.

मे महिन्यानंतर गाडी ११,००० किलोमीटर चालली आहे. पाऊसभर रोज संध्याकाळी मी दोन्ही पाइपांवर अंगठा फिरवत होतो आणि तो कोरडाच राहिला. लेगगार्डच्या वेल्डिंगला गंज चढला आहे, मडगार्डची पट्टी टिकली आहे. एकच गोष्ट उरली आहे. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवले, तर मधोमध येताना ते किंचित अडखळते. दगडावर आपटताना कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या, वाटीत छर्‍यांचे खळगे पडलेले असणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे कोनसेट मी दिवाळीनंतर बदलणार आहे. भाग कंपनीचा आणि हात मिस्त्रींचा असेल. त्या दिवशी टी बाहेर निघणारच आहे, तेव्हा ती घेऊन मी आधी उद्यमनगरात जाईन.