दैनंदिन जीवनातील रिट्रीट: घर न सोडता करायची साधना

येशूसंघ (जेज्वीट) या कॅथलिक धर्मसंघाची अनेक आध्यात्मिक केंद्रे 'दैनंदिन जीवनातील रिट्रीट' या नावाने जी सेवा देतात, ती घर किंवा नोकरी सोडून एकांतात जाणे शक्य नसलेल्या श्रद्धावंतांसाठी आहे. ही साधना मी नुकतीच पूर्ण केली असून, रोजच्या कामाच्या धबडग्यात परमेश्वराची उपस्थिती ओळखू पाहणाऱ्या प्रत्येक कॅथलिक व्यक्तीला मी ती मनापासून सुचवेन.

तिचा आधार जुना आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या ज्या साधनाग्रंथाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली, त्यातील १९ व्या सूचनेतच व्यवहारात गुंतलेल्या माणसाने रोज दीड तास काढून साधना करावी, अशी सोय केलेली आहे. एकांतात सुमारे ३० दिवस चालणारा तोच क्रम येथे अनेक महिन्यांवर पसरतो. रोज बायबलमधील एका उताऱ्यावर मनन, रात्री दिवसाचे परीक्षण आणि ठरावीक अंतराने मार्गदर्शकाशी संवाद, असे त्याचे स्वरूप असते.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते रात्रीचे परीक्षण. आपल्यापैकी बहुतेकांना विवेकबुद्धीची तपासणी पापनिवेदनापूर्वीची, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करण्यापूर्वीची, तयारी म्हणूनच ठाऊक असते. इग्नेशियस मात्र आरंभ उपकारस्मरणाने करतात, मग प्रकाश मागतात, त्यानंतर तासामागून तास दिवस नजरेखालून घालायला सांगतात, आणि क्षमायाचना व सुधारणेचा निश्चय त्यापुढे येतात. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण आधी काय मिळाले हे पाहिलेले मन स्वतःच्या चुकांकडे भीतीविना पाहू शकते. शुभवर्तमानातील अम्माऊस गावाच्या वाटेवरील शिष्यांनाही पुनरुत्थित प्रभू येशू सोबत चालत असताना ओळखू आला नव्हता. भाकर मोडल्यावर त्यांचे डोळे उघडले आणि वाटेतच आपले अंतःकरण पेटले होते, हे त्यांना मागाहून उमगले.

मार्गदर्शक उत्तरे देत नाही, हे या सेवेचे खरे बळ आहे. निर्माणकर्त्याला आपल्या लेकराशी थेट व्यवहार करू द्यावा, असे १५ वी सूचना सांगते, आणि मला लाभलेल्या सिस्टरांनी ती कसोशीने पाळली. आजारी वडिलांचे अंथरूण बदलण्यापलीकडे काहीच न घडलेला एक दिवस मी त्यांना रिकामा म्हणून सांगितला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की, त्या वेळी वडील काय करत होते. वडिलांनी माझे मनगट धरून ठेवले होते, हे तोवर माझ्या लक्षातच आले नव्हते.

उणिवाही आहेत. मला मिळालेली टिपणे धर्मगुरू आणि व्रतस्थांना समोर ठेवून लिहिलेली वाटली. तान्हे मूल असलेल्या आईला शांत दीड तास कोठून मिळणार, याचा विचार त्यांत नव्हता. शिवाय सारे यश मार्गदर्शकाच्या तयारीवर अवलंबून असते, म्हणून त्यांनी साधना देण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे का, हे निःसंकोच विचारावे. ही साधना रविवारच्या मिस्सेची (चर्चमधील सामूहिक उपासनेची) जागा घेत नाही, आणि तीव्र मानसिक त्रासात असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांना दीड तासाची शाश्वती नाही, त्यांनी नाव नोंदवण्यापूर्वी काही आठवडे फक्त रात्रीचे परीक्षण करून पाहावे. त्याला १५ मिनिटे पुरतात.