ट्रान्झिस्टर टेस्टर: नकली सी५२०० ओळखायला कितपत कामाचा?

गणपतीच्या आधीपासून हा टेस्टर माझ्या टेबलावर आहे. एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलर चिपवाला, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, ऑनलाइन हजाराच्या आत मिळणारा. घेतला एकाच कारणासाठी: ॲम्प्लिफायर दुरुस्तीला मागवलेला सी५२०० सारखा पॉवर ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारा भाग) खरा की खोटा, हे बसवण्याआधी कळावं.

मल्टिमीटर इथे पुरत नाही. नकली सी५२०० मध्येही चालू ट्रान्झिस्टरच असतो, फक्त आतली चिप चिमुकली. डायोड मोडवर सगळं बरोबर दिसतं. टेस्टर गेन (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो ते) मोजतो तोही काही मिलिअँपिअरवर, म्हणून गेनवरही विसंबू नका. अस्सल नगाची क्षमता २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॉट. नकली नग आवाज वाढवताच शॉर्ट होतो आणि जाताना ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, एमिटर रेझिस्टर, कधी स्पीकरची कॉइलसुद्धा घेऊन जातो. गरीब मंडळाच्या वर्गणीतून आलेला ॲम्प्लिफायर असा जळालेला बघवत नाही.

खरी मदत होते ती कपॅसिटन्सची, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेची. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी फक्त बेस आणि कलेक्टर जोडले की टेस्टर त्याला डायोड समजतो आणि पिकोफॅरडमध्ये आकडा दाखवतो. चिप मोठी तर आकडा मोठा. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) सी५२०० चा आकडा २०० च्या आसपास आहे, जोडीच्या ए१९४३ चा ३६०. पण ते १० व्होल्टच्या उलट दाबाला (उलट दिशेने लावलेल्या व्होल्टेजला). टेस्टरचा दाब त्याहून कमी, त्यामुळे अस्सल नग जास्तच दाखवायला हवा. शंभराच्या आत आला तर मी तो बोर्डला लावतच नाही. आयआरएफ३२०५ सारख्या मॉसफेटचं (दुसऱ्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचं) गेट कपॅसिटन्स तर तीन पाय जोडले की आपोआप येतं. तिथे डेटाशीट सुमारे ३२०० पिकोफॅरड सांगते.

मर्यादाही आहेत. ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे नग किती व्होल्टपर्यंत तग धरतो, हे हा टेस्टर तपासू शकत नाही. जुन्या बोर्डावरून काढून पाय चकचकीत केलेला खरा नग इथे पास होतो. शंका उरली तर हीटसिंकवर लावून लोड द्यावाच लागतो. सी५२०० चे जाड पाय सॉकेटमध्ये नीट बसत नाहीत; मी आखूड वायरींना क्रोकोडाइल क्लिप लावून घेतल्या. आणि कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय लावू नका, टेस्टर जागीच जातो.

एवढ्या किमतीत मी तो पुन्हा घेईन. पार्सल आलं की त्याच दिवशी सगळे नग मोजा, आकड्यांचे फोटो काढा. परतीची मुदत संपल्यावर विक्रेता ऐकत नाही.