रोपलागवडीची सहल की माळरानाची फेरी?

सोलापुरात हवामानबदलाचे भान देणारे पर्यटन उभारू पाहणाऱ्या संस्थांपुढे दोन मार्ग आहेत: पाहुण्यांकडून रोपे लावून घेणे, किंवा १९७९ साली माळढोक या माळरानावरच्या दुर्मीळ पक्ष्यासाठी घोषित झालेल्या अभयारण्याच्या नान्नज परिसरात स्थानिक वाटाड्यासह फेरी काढणे. पहिला मार्ग सोपा आणि छायाचित्रांना साजेसा; पण या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाण्याविना रोपे तगत नाहीत आणि तगली तरी मोकळ्या माळावरची दाट लागवड माळढोक, काळवीट यांचा अधिवासच मोडते. उलट गवताळ प्रदेशातील बहुतांश कार्बन मुळांत व मातीत साठत असल्याने वरचे गवत जळाले तरी तो बराचसा टिकतो, हे मोज्यांत रुतलेली कुसळे काढता काढता ऐकलेले लक्षात राहते. माळढोक दिसेलच असे नाही (तसे आश्वासन संस्थांनी देऊही नये). तरीही मला फेरीच अधिक सयुक्तिक वाटते. मात्र वेगवेगळ्या गाड्यांचा धूर टाळायला शहरातून सर्वांसाठी एकच बस हवी.