डायलिसिसच्या पाण्यासाठी जेल-क्लॉट किट: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

धुळे-जळगाव पट्ट्यातल्या एका छोट्या डायलिसिस केंद्रात मी टेक्निशियन आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही पाण्यातलं एंडोटॉक्सिन तपासायची किट घेतली, आता पावसाळा सरत आला. किट चांगली आहे आणि आम्ही ती चालू ठेवणार आहोत. पण आपल्याकडच्या उन्हात, आपल्याकडच्या विजेवर ती वापरायची तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात, म्हणून सविस्तर लिहितोय.

मिनिटाला ५०० मिली धरलं तर चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर पाणी लागतं. ते पेशंटच्या रक्ताला लागून वाहतं, मध्ये फक्त डायलायझरचा पातळ पडदा. एंडोटॉक्सिन म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचा भाग. जिवाणू मेला तरी तो पाण्यात उरतो. यूव्ही दिव्याने जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन जात नाही. ऑटोक्लेव्हवरही भरवसा ठेवता येत नाही. काचेवरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. ते जास्त असलं तर मशीनवरच पेशंटला हुडहुडी भरते, ताप चढतो, बीपी उतरतं. थोडं थोडं सतत जात राहिलं तर ताप येत नाही, पण आतून दाह चालू राहतो आणि एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवणारी) इंजेक्शनं देऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नाही. मला जास्त काळजी या दुसऱ्या प्रकाराची वाटते, कारण तो खाटेवर दिसत नाही.

आयएसओ २३५०० या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेप्रमाणे डायलिसिसच्या पाण्यात एंडोटॉक्सिन ०.२५ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) प्रति मिलीपेक्षा कमी हवं आणि ०.१२५ ला पोचलं की हालचाल सुरू करायची. म्हणून किट घेताना ०.१२५ संवेदनशीलतेचीच घ्या. किटमधलं लायसेट हे द्रव्य एंडोटॉक्सिन भेटलं की घट्ट जेल होतं. नमुना तसाच लावून जेल झाला, म्हणजे पाणी ०.१२५ किंवा त्याच्या वर. मग तोच नमुना किटच्या शुद्ध पाण्यात निम्मा करून लावायचा. तोही जमला, तर पाणी मर्यादेबाहेर. नेमका आकडा मिळत नाही, पण आमच्यासारख्या केंद्राला निर्णय घ्यायला एवढं पुरतं.

पद्धत सोपी आहे, हात मात्र शांत हवा. छोट्या काचनळीत ०.१ मिली नमुना, ०.१ मिली लायसेट, ३७ अंशांवर एक तास. मग नळी सावकाश, एकाच दमात उलटी करायची. गोळा तळाला घट्ट चिकटून राहिला तर पॉझिटिव्ह, ओघळला तर निगेटिव्ह. त्या तासाभरात नळीला धक्का लागला तर जमत आलेला जेल फुटतो आणि पुन्हा जमत नाही, म्हणजे खराब पाणी चांगलं दिसतं. त्यामुळे हीटिंग ब्लॉक (नळ्या ३७ अंशांवर ठेवणारं उपकरण) आरओच्या पंपाजवळ किंवा सेंट्रीफ्यूजच्या टेबलावर ठेवू नका.

आता आपल्या भागाची खास अडचण. या ब्लॉकमध्ये हीटर असतो, थंड करायची सोय नसते. मे महिन्यात बाहेर ४४ आणि पत्र्याच्या पाणीखोलीत ४० च्या वर पारा असताना तो ३७ वर राहणारच कसा? चाचणीला ३६ ते ३८ एवढीच मुभा आहे. आम्ही ब्लॉक एसीच्या खोलीत हलवला आणि त्याला स्वतंत्र इन्व्हर्टर दिला. लायसेट २ ते ८ अंशांत राहायला हवं, तेव्हा एप्रिल-मेमध्ये मागवताना पुरवठादाराकडून बर्फाच्या पॅकची आणि तापमान-नोंदीची खात्री करून घ्या.

पॉझिटिव्ह प्रॉडक्ट कंट्रोल कधीही टाळू नका. म्हणजे आपल्याच पाण्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मिसळून लावलेली नळी. ती जमलीच पाहिजे. निर्जंतुकीकरणानंतर पेरॅसिटिक ॲसिड किंवा क्लोरीन पाण्यात उरलं असेल तर ते लायसेटलाच बिघडवतं. मग सगळ्या नळ्या निगेटिव्ह येतात आणि त्या निगेटिव्हला काडीचीही किंमत नसते. आम्ही आधी पट्टीने उरलेलं रसायन शून्य आहे हे बघतो, मगच नमुना घेतो.

किटचा खरा फायदा आम्हाला जूनमध्ये कळला. आरओच्या तोंडाशी घेतलेला नमुना निगेटिव्ह, लूपच्या (मशीनना पाणी पुरवून परत येणाऱ्या पाइपच्या) परतीच्या टोकाला पॉझिटिव्ह. त्याच आठवड्यातलं कल्चर (जिवंत जिवाणू वाढवून केलेली मोजणी) मर्यादेत होतं. पूर्वी नमुने बाहेरच्या लॅबला जायचे, खर्च वाचवायला एकाच जागेचे, आणि कुरियर पोचेपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं. यावेळी आम्ही प्रत्येक मशीनच्या पाणी-जोडणीचा नमुना त्याच दिवशी लावला. चौथ्या मशीनपर्यंत साफ, पाचव्यापासून जेल. मधल्या भिंतीमागे पुढे कधी मशीन वाढेल म्हणून सोडलेला हातभर पाइप होता, तोंडाला टोपी लावलेला. त्यात पाणी साचून राहायचं. त्यात रात्री वीज गेली की लूपचा पंप थांबतो आणि सगळंच पाणी त्या उकाड्यात उभं राहतं. पाइप कापला तेव्हा आतल्या भिंतीवर बोट फिरवलं, तर शेवाळलेल्या दगडासारखं बुळबुळीत लागलं. तुकडा काढला, लूप पेरॅसिटिक ॲसिडने धुतला, पंप जनरेटरवर घेतला. त्यानंतरचे नमुने निगेटिव्ह आले, कंट्रोलही व्यवस्थित जमले.

खर्चाचं सांगायचं तर नमुना एक असो वा सहा, कंट्रोलच्या नळ्या तेवढ्याच लागतात. म्हणून एकाच फेरीत सगळ्या जागा घ्या. नमुन्याला पायरोजनमुक्त (ताप आणणारे घटक नसलेली) काच किंवा पॉलिस्टायरीनच वापरा. पॉलिप्रॉपिलीनच्या भिंतीला एंडोटॉक्सिन चिकटून राहतं.

लायसेट हॉर्सशू क्रॅब या समुद्री जिवाच्या रक्तपेशींपासून बनतं. लेव्हिन आणि बँग यांनी १९६० च्या दशकात ही चाचणी मांडली. रक्त काढून प्राणी समुद्रात सोडतात, तरी त्यातले काही मरतात, हे मनाला लागतं. रिकॉम्बिनंट फॅक्टर सी (प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन) हा प्राण्याविना पर्याय युरोपच्या फार्माकोपियाने (औषधांच्या मानकग्रंथाने) २०२१ पासून स्वीकारला आहे. त्याला फ्लुओरोमीटर (चाचणीतून निघणारा प्रकाश मोजणारं यंत्र) लागतो, तो आज आमच्या आवाक्यात नाही. जमेल तेव्हा आम्ही तिकडेच जाणार.

अमळनेरहून एसटीने येणारे एक बाबा खुर्चीवर बसण्याआधी दर वेळी विचारतात, "भाऊ, पानी चांगलं शे ना?" आता मी त्यांना तारखेसकट रजिस्टर दाखवतो. पुढची मागणी ०.०३ ईयूच्या लायसेटची टाकली आहे, कारण अल्ट्राप्युअर म्हणजे अतिशुद्ध डायलिसेटची (रक्ताला लागून वाहणाऱ्या द्रावाची) मर्यादा तीच आहे आणि नवा अल्ट्राफिल्टर (एंडोटॉक्सिन अडवणारी गाळणी) त्यावर उतरतो की नाही हे बघायचं आहे.